गोळी भाजली म्हणजे औषध जळालं का?

'मुलगी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्ट म्हणून प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये गोळ्या भाजत बसते. उष्णतेनं औषध मरतं. हे सोडून औषध निरीक्षकाच्या परीक्षेला लाग, असं तिला सांगा,' असं तुम्ही लिहिलंय. दोन पानांत तिच्या चुलतभावाचा पगार तीनदा आला. तिला काय करायचंय, ते एकदाही नाही. प्रोजेक्टचा विषय निघाला की ती उठून जाते, हेही तुम्हीच लिहिलंय. ज्या कामाची घरात रोज टर उडते, त्याबद्दल ती का बोलेल?

एम.फार्म.साठी जीपॅट ही प्रवेशपरीक्षा, सरकारी नोकरीसाठी एमपीएससीची जाहिरात. प्रोजेक्ट कशाच्याच आड येत नाही.

आता तो गैरसमज. कच्चं मडकं पाण्यात विरघळतं, आव्यात भाजलेलं टिकतं आणि तरी झिरपतं. मातीचा रस होत नाही, कण एकमेकांना चिकटतात. गोळीतही तेच. तुम्ही पाठवलेल्या वहीच्या फोटोत 'प्रोप्रॅनोलॉल, कॉलिडॉन एसआर, 60 अंश, 3 तास' असं दिसतंय. प्रोप्रॅनोलॉल हे रक्तदाबाचं औषध; कॉलिडॉन एसआर ही गोळीतून औषध हळूहळू सुटावं म्हणून मिसळायची पूड. तिच्यात 80 टक्के पॉलिव्हिनिल ॲसिटेट हे प्लास्टिकसारखं पॉलिमर असतं. ते 60 अंशांच्या बरंच आधी मऊ पडतं. कण जिथे टेकतात तिथे सांधे जुळतात, भोकं अरुंद होतात आणि औषध हळूहळू बाहेर येतं. प्रोप्रॅनोलॉल हायड्रोक्लोराइड वितळतं 163 अंशांच्या आसपास. अर्थात वितळलं नाही म्हणजे बिघडलं नाही, असं गृहीत धरू नये. भाजण्याआधी आणि नंतर एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) औषधाचं प्रमाण आणि अशुद्धी तपासायलाच हवी.

तिला माझा निरोप द्या. एकाच बॅचचे चार भाग कर: एक न भाजलेला, बाकीचे 1, 3 आणि 6 तास. गोळ्या एका थरात ठेव, रचल्या तर चिकटतात. ओव्हनच्या आकड्यावर विसंबू नकोस, थर्मामीटर गोळ्यांच्या पातळीवर लाव. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करून मग कठीणपणा आणि डिसोल्यूशन, म्हणजे गोळीतून किती वेळात किती औषध विरघळतं, ते बघ. 3 आणि 6 तासांचे आलेख एकमेकांवर बसले, तर 3 तास पुरे. भाजणं अर्धवट राहिलं तर उरलेलं गोदामात होतं: विदर्भातल्या मे महिन्यात कण चिकटतच राहतात आणि गोळी ठरल्यापेक्षा हळू औषध सोडू लागते. म्हणून 40 अंश आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवलेल्या गोळ्यांचं डिसोल्यूशन पुन्हा कर. फॉर्म्युलेशनच्या, म्हणजे औषधाची गोळी घडवण्याच्या, नोकरीच्या मुलाखतीत मी हेच विचारेन.

पुढचं पत्र मात्र तिच्या हातचं हवं. तुम्ही ते आधी वाचू नका.