खडकासारखा दिसणारा प्राणी

प्रश्न : चिलीच्या किनाऱ्यावर खडक कापून त्यातला लाल गर खातात, असे एका माहितीपटात पाहिले. खडकात मांस कसे असेल?

उत्तर : आपण पाहिलेला तो खडक नव्हे, तर तिथे ‘पिउरे’ नावाने ओळखला जाणारा समुद्री प्राणी आहे. त्याचे शास्त्रीय नाव पायुरा चिलेन्सिस असून चिलीचे निसर्गअभ्यासक हुआन इग्नासिओ मोलिना यांनी १७८२ मध्ये त्याचे वर्णन केले. चिली आणि पेरू यांच्या किनाऱ्यालगत, हम्बोल्ट या थंड सागरी प्रवाहामुळे गार व अन्नकणांनी समृद्ध राहिलेल्या पाण्यात, ओहोटीरेषेच्या आसपासच्या आणि त्याखालच्या खडकांवर हे प्राणी एकमेकांना खेटून दाटीने वाढतात. त्यांच्या जाड, चिवट आवरणावर वाळू, शिंपल्यांचे तुकडे आणि शेवाळ चिकटल्यामुळे सारा समूह दगडच भासतो. प्रत्येक प्राण्याला दोन नळ्या असतात. एकीतून आत घेतलेल्या पाण्यातील सूक्ष्म अन्न गाळून उरलेले पाणी तो दुसरीतून बाहेर सोडतो. त्याच्या रक्तात व्हॅनेडियम हा दुर्मीळ धातू समुद्राच्या पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात साठतो, ही मला त्याची सर्वांत विलक्षण बाब वाटते.

आपल्या शालेय पाठ्यपुस्तकातील हर्डमानिया याच कुलातला. या प्राण्यांच्या पोहणाऱ्या अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे कणा असलेल्या प्राण्यांच्या गर्भातही दिसणारा आधाराचा लवचीक दांडा, असतो, म्हणून दगडासारखा दिसणारा हा जीव शिंपल्यांपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे. अळी एकदा खडकाला चिकटली, की शेपूट आणि पृष्ठरज्जू दोन्ही नाहीसे होतात.