पहिल्या वर्षी जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) २.६ आला, आता अमेरिकेत एमडीचा (तिथे पदवीनंतर करायच्या डॉक्टरकीच्या शिक्षणाचा) नाद सोडायचा का?

अजिबात सोडू नका, पण ते ग्रेड पुसले जाणार नाहीत हे धरून चाला. एमडीचे बहुतेक अर्ज ॲमकास या सामायिक अर्जसेवेमार्फत जातात. तिथे प्रत्येक वर्षाचा जीपीए वेगळा दिसतो, आणि बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित यांचा मिळून स्वतंत्र काढतात. म्हणजे चढता आलेख प्रवेश समितीला आपोआप दिसतो, आणि तीच तुमची जमेची बाजू. दरवर्षी सारखेच क्रेडिट धरा: पुढे ३.८ टिकवलात तर तिसऱ्या वर्षाअखेर एकूण ३.४, चौथ्याअखेर ३.५. म्हणून मी तरी पदवी पूर्ण करूनच अर्ज करा म्हणेन. मात्र कोर्स पुन्हा केलात तरी जुना ग्रेड सरासरीत राहतोच, तुमच्या कॉलेजने तो काढून टाकला असला तरीही.