केस करायची की बाळाचं बघायचं?

सविता (नाव बदललंय) पहिल्यांदा आली तेव्हा बाळ साडेचार महिन्यांचं होतं. मी खुळखुळा पुढे धरला. डाव्या हातानं त्यानं लगेच तो पकडायचा प्रयत्न केला. उजवा हात खांद्यापासून तसाच पडून राहिला, पंजा मागे वळलेला. तिनं पटकन दुपटं ओढून तो हात झाकला.

"मॅडम, माझंच चुकलं का? सासूबाई म्हणतात, ग्रहणात मी भाजी चिरली." मग बऱ्याच वेळानं, "आणि हे म्हणतात डॉक्टरांवर केस करू. केस करायची की बाळाचं बघायचं?"

ग्रहणाचा या हाताशी काडीचाही संबंध नाही, हे आधी तिला सांगितलं आणि पुढच्या भेटीत सासूबाईंना बोलावून पुन्हा सांगितलं. प्रसूतीत बाळाचं डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला, तर मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. याला एर्ब्ज पाल्सी म्हणतात. खांदा अडकणार हे पुष्कळदा आधी कळत नाही, त्यामुळे इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असं नाही. पाहायचं ते हे, की आईची साखर तपासली होती का, बाळाच्या वजनाचा अंदाज घेतला होता का, आणि खांदा अडकल्यावर काय केलं. सविता म्हणाली, "दोघीजणी वरून पोट दाबत होत्या." अडकलेल्या खांद्यावर वरून दाब देऊ नये, तो आणखी रुततो. पण दाबलं ते डोकं येण्याआधी की नंतर, हे तिला आठवेना. मी म्हटलं, जे आठवतंय ते आजच वहीत लिही, तारीख घाल.

नवरा पोलिसात जायला निघाला होता. फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2005 मध्येच स्पष्ट केलंय. प्रसूती खासगी दवाखान्यात, पैसे भरून झाली होती, म्हणजे ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा होता. मुदत 2 वर्षं. त्याआधी कागद: लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची, 72 तासांत नोंदींच्या प्रती देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मला खरी धास्ती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फिजिओथेरपी महिनाभर बंद होती! "हात सुधारला तर केस पडेल," असं कुणीतरी नवऱ्याच्या डोक्यात भरवलं होतं. मी त्यांना बाळाजवळ बसवलं. कोपर अजून वाकत नाही, नसांच्या सर्जनला आत्ताच दाखवायला हवं, शस्त्रक्रियेचा उपयोग पहिल्या वर्षात जास्त होतो. आज काय अवस्था आहे ते कागदावर येईलच, व्हिडिओही काढून ठेवा. पण आयोगाच्या तारखांसाठी हा हात थांबणार नाही. ते काही बोलले नाहीत. बाळाचा पंजा हातात घेऊन बसून राहिले.

कागद तिसऱ्या दिवशी मिळाले. डोकं आल्याची वेळ होती, बाळ पूर्ण बाहेर आल्याची होती. मधल्या मिनिटांबद्दल एक ओळही नव्हती. ती फाईल वकिलांमार्फत दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली आहे. सर्जनकडची तपासणी त्याआधीच झाली.