शिकलेला शेतकरी आणि गाव सोडणारी मुले

प्रश्न : शाळेची पायरी न चढलेल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या उत्तम शेती केली आणि शिकलेली मुले मात्र गाव सोडतात. मग शेतीच्या व ग्रामीण विकासात शिक्षणाला एवढे महत्त्व का दिले जाते?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग अर्थशास्त्रालाही मान्य आहे. पारंपरिक शेतकरी हाताशी असलेली साधने चोख हिशेबाने वापरतो आणि त्याच्या गरिबीचे कारण त्या साधनांच्या मर्यादेत असते, असे अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ साली मांडले. बियाणे तेच आणि अवजारेही तीच असतील, तर वडिलांकडून मिळालेला अनुभव पुरतो. नवे वाण, खताची मात्रा, अनोळखी कीड किंवा कर्जाचे कागद समोर आले की तो अपुरा पडू लागतो. लॉकहीड, जेमिसन व लाऊ यांनी १९८० साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चार वर्षांच्या प्राथमिक शिक्षणामुळे शेतीचे उत्पादन सरासरी सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. मात्र ही वाढ प्रामुख्याने शेती बदलत होती तेथली होती, जुन्या चाकोरीत ती नगण्य होती.

शिक्षण म्हणजे केवळ वर्ग आणि फळा, असेही नव्हे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा प्रकोप झाला, तो बराचसा फवारणीनेच ओढवलेला होता, कारण कीटकनाशकांनी तुडतुडे खाणारे कोळी व मित्रकीटक मारले जात होते. सरकारने १९८६ साली ५७ कीटकनाशकांच्या भातावरील वापरावर बंदी घातली आणि १९८९ पासून शेतीशाळा सुरू झाल्या, ज्यांत शेतकरी हंगामभर दर आठवड्याला बांधावर जमत, रोपांवरील शत्रू-मित्र कीटक मोजत, त्यांचे चित्र काढत आणि फवारावे की नाही हे आपसांत वाद घालून ठरवत. अक्षरओळख नसलेल्यालाही येथे निरीक्षण व निर्णय शिकता येई, आणि माझ्या मते शेतीशिक्षणाचा गाभा तोच आहे.

राहिला गाव सोडण्याचा मुद्दा. त्याचा सगळा दोष शिक्षणाच्या माथी मारणे मला पटत नाही, कारण जमिनीचे तुकडे पडत गेले की न शिकलेलाही मजुरीसाठी बाहेर पडतोच. शिकलेल्याला निदान निवड करता येते; त्याने गावातच राहावे असे वाटत असेल, तर साठवण, प्रक्रिया, यंत्रदुरुस्ती, हिशेबनीस अशी कामे गावात उभी राहायला हवीत, आणि ते एकट्या शाळेच्या हातात नाही.