थाई सहकाऱ्यांबरोबर जेवताना काय मागवावं, कसं खावं?

तुमचा प्रश्न असा: बँकॉकला नवा आहे, ऑफिसातले लोक एकत्र जेवायला नेतात, अंडं खातो पण मासे-मांस नाही; टेबलावर नेमकं काय करायचं?

आधी 'माझी डिश' हा विचार सोडा. भात ज्याचा त्याच्या ताटलीत, बाकी सगळं मधोमध आणि सगळ्यांचं. भाताबरोबरच्या या पदार्थांना 'काप खाव' म्हणतात. चौघांना चार-पाच पुरतात: एक सूप किंवा करी, एक परतलेली भाजी, एक आंबट-तिखट 'याम' (थाई कोशिंबीर), एखादं तळलेलं. नारळाच्या दुधातल्या दोन करी मागवल्या तर जेवण जड होतं.

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा, काटा तोंडात घालायचा नाही. चॉपस्टिक्स नूडल सूपपुरत्या. वाढायच्या चमच्यानं, म्हणजे 'चोन क्लांग'नं, एका वेळी एकाच पदार्थाचे एक-दोन चमचे घ्या, भाताशी खा, मग पुढचा. सगळं एकदम वाढून घ्यायची आपली सवय इथे नडते. यामचं लिंबू करीच्या नारळात मिसळलं की दोन्हींची चव गेली. तोम यम या आंबट-तिखट सूपमधले गवती चहाचे दांडे आणि गलांगलच्या, म्हणजे आल्यासारख्या कंदाच्या चकत्या चावायच्या नाहीत, त्या वासासाठी असतात. वाटीच्या कडेला सारा.

इसान, म्हणजे ईशान्य थायलंडच्या पद्धतीचं जेवण असेल तर चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो. तो हातानं, सुपारीएवढा गोळा दाबून खायचा. टोपलीचं झाकण लगेच लावा, नाहीतर भात वाळून कडक होतो.

आता खरी अडचण. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही, कारण नाम प्ला, म्हणजे माशाचा सॉस, जवळजवळ सगळ्यात असतो. करीच्या वाटणात बहुतेक वेळा 'कपि', म्हणजे जवळा मीठ घालून आंबवलेला, आधीच कुटलेला असतो; तो ऐन वेळी काढता येत नाही. म्हणून साध्या हॉटेलात करी टाळा आणि समोर ताजं बनतं ते मागवा. फाक बुंग ही आपली नाळीची भाजी. ती सांगताना म्हणा, 'माई साय नाम प्ला, माई साय नाम मान होय': माशाचा सॉस नको, ऑयस्टर सॉस नको. ऑम्लेटलाही, म्हणजे 'खाय चिआव'लाही, हेच सांगा. एरवी त्यातही नाम प्ला पडतो. टोफूचं 'फाट कप्राव'ही होऊ शकतं, पण कप्राव म्हणजे आपली तुळसच. ती परतून खाणं मनाला पटत नसेल तर आधीच ठरवा.

पिवळ्या पाटीवर लाल अक्षर दिसलं तर ते 'जे', म्हणजे कडक शाकाहारी दुकान. तिथे निर्धास्त खा, फक्त अंडं, कांदा, लसूण मिळणार नाही.

सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, खलात कुटताना समोर उभं राहा: 'माई साय कुंग हेंग', म्हणजे सुकी कोळंबी नको, आणि नाम प्लाचंही पुन्हा सांगा. मिरच्या मोजून मागता येतात. 'प्रिक साँग मेत' म्हणजे दोन, सुरुवातीला तेवढ्याच.