माझं नाव येत नाही, शिवी मात्र स्पष्ट येते. हे मुद्दाम करतात का?

स्ट्रोक झालेल्या माणसाच्या घरचे समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न इतक्या वेळा समोर येतो की आज एका काकूंची गोष्ट लिहितेच. त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काकू लालबागला चाळीत राहतात, काका बसवर कंडक्टर होते, आता रिटायर. एका सकाळी उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं बंद. हॉस्पिटल झालं, जीव वाचला, धरून धरून चालायला पण लागले. आणि घरी आल्यावर हे सुरू झालं. पाणी हवं तरी "ते... ते", पंखा लावायचा तरी "ते", काकूंना हाक मारायची तरी "ते". पण डाव्या हाताने शर्टाचं बटण लागेना की आईवरून शिवी, खणखणीत, अख्ख्या गॅलरीला ऐकू जाईल अशी. ज्या माणसाने मुलाला कधी गाढव म्हटलं नाही तो माणूस.

"मॅडम, एवढी वर्षं ह्यांच्या मनात हेच होतं का हो?" काकू रडत नव्हत्या, पण ते विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सोबत मुलगा होता, त्याचं मत ठाम, बाबा नाटक करतायत. आणि शेजारच्या आजींचं म्हणणं की जीभ जड झालीय, वेखंड उगाळून चाटवा.

आधी जिभेचं बोलू. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात. डॉक्टर भुवया वर करायला, दात दाखवायला सांगतात तेव्हा सातवी नस बघत असतात, जीभ बाहेर काढायला लावतात ती बारावीसाठी, आणि "आ" करायला सांगून टाळू कशी उचलली जाते ते बघतात ते नववी-दहावीसाठी, गिळणं आणि आवाज ह्याच दोघींकडे. काकांच्या फाइलमध्ये हे सगळं लिहिलेलं होतं, सुरुवातीला तोंडाची उजवी खालची बाजू ओघळली होती ती बरीचशी सावरली होती, जीभ सरळ बाहेर येत होती, गिळणं ठीक, आवाज ठीक. आणि शिवी स्पष्ट येते ह्यापेक्षा मोठा पुरावा कुठला, जीभ जड असती तर शिवी पण बोबडी आली असती ना. पेटी शाबूत आहे, तिच्यावर हवं ते गाणं वाजवणारा हात दुखावलाय. वेखंडाला मी स्पष्ट नाही म्हटलं, स्ट्रोकनंतर गिळण्यात थोडी जरी गडबड उरली असेल तर तोंडात घातलेलं श्वासनलिकेत जाऊ शकतं, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही चाटवू नका, कोणीच.

मग बिघाड कुठे? बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि शरीराची उजवी बाजू पण डावा मेंदूच हलवतो, म्हणून उजवा हात आणि बोलणं एकदम गेलं. मेंदूला इजा होऊन भाषा अशी अडकते, त्याला अफेजिया म्हणतात. पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी लेबोर्न नावाचा एक पेशंट तपासला, त्याला एकच शब्द यायचा, "टॅन". काहीही विचारा, टॅन. सगळे त्याला टॅनच म्हणायचे. पण फार चिडला की त्याच्या तोंडून एक शिवी मात्र निघायची! तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू उघडून बघितला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती, तो भाग आज ब्रोकांच्याच नावाने ओळखला जातो. हे ऐकून काकू पहिल्यांदा सरळ बसल्या. म्हणजे आधी पण कुणाला झालंय हे.

शिवी का येते, तर ती आपण बनवत नाही. "मला जरा गार पाणी दे" हे वाक्य दरवेळी शब्द शोधून, जुळवून बनवावं लागतं. शिवी, आकडे, वार, आरती हे तयार पाठ असतात, त्यात उजव्या मेंदूचा, आत खोल असलेल्या केंद्रांचा आणि भावनेच्या वाटांचा वाटा मोठा असतो, आणि त्या वाटा काकांच्या वाचल्या होत्या. नाव हाक मारणं हे मात्र शोधण्याचं काम, म्हणून सगळ्यात जवळचं नावसुद्धा अडकतं. मनात साठलेलं बाहेर येतंय असं नाहीये ते काकू, जे फुटू शकतं ते फुटतंय.

सांगून पटत नाही म्हणून करून दाखवलं. तीन बोटं दाखवली, किती? "ते." मग मी "एक, दोन" सुरू केलं तर काका दहापर्यंत गेले. मुलाने गणपतीची आरती धरली, काका पहिलं कडवं शब्दांसकट म्हणाले. मग मुलाला काय सुचलं, त्याने बसची घंटी मारल्यासारखं टिंग टिंग केलं, आणि काका चटकन म्हणाले, "पुढे चला, पुढे चला!" आणि स्वतःच हसले.

मुलगा लगेच, "बघा, येतं ना बोलता!" इथेच बहुतेक घरं अडकतात. आरती येते म्हणून वाक्य येईलच असं नाही, त्यामुळे "आईचं नाव घ्या, घ्या ना" अशी परीक्षा पाहुण्यांसमोर घेत बसू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ह्या प्रकारात समजणं बऱ्यापैकी शाबूत असतं. काकांना कळतं की आपल्या तोंडून शिवी गेली, त्यांना लाज वाटते, आणि त्यांच्यासमोरच आपण "नाटक करतात" म्हणतो.

काकूंना मी एवढंच सांगितलं की शिवी आली तर उत्तर देऊ नका, बटण लावून द्या. हो-नाही मध्ये उत्तर येईल असं विचारा, वस्तू दाखवा, टीव्ही बंद करा, आणि थांबा, आपल्याला वाटतं त्याच्यापेक्षा जास्त वेळ थांबा. सुनेला आणि गॅलरीतल्या दोन-तीन घरांना मुलाने नीट समजावून सांगायचं, ते काम त्याचं.

एक सावध करते. काका दिवसभर गप्प पडून राहायला लागले, जेवण टाकलं, उगाच रडू येऊ लागलं तर ते "आता असंच" म्हणून सोडू नका. स्ट्रोकनंतर साधारण तिघांतल्या एकाला डिप्रेशन येतं आणि त्यावर उपचार आहेत.

निघताना मुलाने विचारलं, बाबा पहिल्यासारखे बोलतील का. पहिल्यासारखे, हे वचन मी देत नाही. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जास्त वेगाने होते पण नंतरही होत राहते, म्हणून स्पीच थेरपी लगेच सुरू करा, वांद्रे रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठी अली यावर जंग संस्था आहे, नायर हॉस्पिटलला स्पीच थेरपीचा विभाग आहे. गाण्याच्या चालीवर छोटी वाक्यं बसवून शिकवायची पद्धत पण आहे, काहींना तिचा उपयोग होतो. थेरपिस्टला आरतीचं आणि "पुढे चला"चं नक्की सांगा म्हटलं, त्यांना सुरुवात करायला तेवढं पुष्कळ असतं.