हवेतलं पाणी: किती मिळेल, कुठे मिळेल?

गेल्या दोन महिन्यांत हवेतून पाणी काढणाऱ्या घरगुती यंत्रांबद्दल बरीच पत्रं आली. मी 31 वर्षं आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड शिकवला आणि राहतो लातूरला. त्यामुळे यंत्राची आतली बाजू आणि पाण्याची टंचाई, दोन्हींशी माझा जवळचा संबंध आहे. त्यातल्या चार पत्रांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न: आमच्या गावात फेब्रुवारीतच बोअरचं पाणी जातं. मग जूनपर्यंत टँकर. घरात पाच माणसं. एक विक्रेता हवेतून पाणी काढणारं यंत्र 65 हजारांना देतो आहे. रोज 20 लिटर पाणी मिळेल, असं सांगतो. भिशीचे पैसे आलेत. घेऊ का? टँकर बंद होईल का?
– एक शिक्षिका, लातूर जिल्हा

बाई, घेऊ नका. टँकरही बंद होणार नाही. कारणं सविस्तर सांगतो, कारण तुमच्यासारखीच विचारणा मराठवाड्यातून आणखी सात जणांनी केली आहे.

हे यंत्र म्हणजे फ्रीजचाच भाऊ. पंखा हवा आत ओढतो, कंप्रेसर कॉइल गार करतो आणि गार तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसं हवेतलं बाष्प कॉइलवर थेंब होऊन जमतं. पुढे गाळण्या, यूव्ही दिवा आणि टाकी. तंत्र खरं आहे, त्यात फसवणूक नाही. चूक होते ती 20 लिटर हा आकडा वाचताना. बहुतेक कंपन्या तो 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजतात. ही हवा ठाण्याची, श्रावणातली. तुम्हाला पाणी हवं आहे एप्रिल-मेमध्ये, लातूरला.

गेल्या मे महिन्यात ओळखीच्या दुकानदाराकडून 20 लिटरचं यंत्र मागून आणलं आणि व्हरांड्यात ठेवलं. दुपारी पारा 40 वर, आर्द्रता 20 टक्के. सबमीटर लावून चोवीस तास चालवलं. पाणी मिळालं साडेतीन लिटर, वीज गेली 8 युनिट. ठाण्याला लेकीच्या शेजाऱ्यांकडे हेच मॉडेल आहे. जुलैत त्यांच्या घरी तसंच मोजलं, तर 17 लिटर पाणी आणि 9 युनिट वीज. यंत्र तेच, फरक हवेचा. युनिटला 10 रुपये धरले तर ठाण्यात लिटरमागे पाच-सव्वापाच रुपये आणि लातुरात 23 रुपये पडले, तेही नुसत्या विजेचे.

असं का होतं? 30 अंशांच्या, 80 टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे 24 ग्रॅम बाष्प असतं. 40 अंशांच्या, 20 टक्के आर्द्रतेच्या हवेत असतं 10 ग्रॅम. म्हणजे निम्म्याहून कमी. पण खरा फटका दुसरीकडेच बसतो. त्या कोरड्या हवेचा दवबिंदू 13 अंशांच्या आसपास असतो. तिथपर्यंत हवा गार होईतो एक थेंबही पडत नाही. 40 वरून 13 वर आणायची ती सगळी मेहनत फुकट, आणि पाणी पडायला लागतं ते त्याच्याही खाली. कॉइल 5 अंशांपर्यंत नेली, तर गारव्याच्या रुपयातले बारा आण्यांहून जास्त नुसती हवा गार करण्यात जातात, पाण्याच्या वाट्याला चार आणेही येत नाहीत. दमट हवेत हा हिशोब बराचसा उलटा होतो.

विक्रेत्याने तुम्हाला यातलं काही सांगितलं नसेल. मागे एका प्रदर्शनात मी स्वतः पाहिलं. ऐन पावसाळ्याचे दिवस, हॉलमध्ये माणसांची गर्दी, दारं सताड उघडी, आणि यंत्रातून पेले भरून लोकांना देत होते. जालन्याचा एक शेतकरी आगाऊ रक्कम भरायला निघाला होता. त्याला बाजूला घेऊन हेच सगळं सांगितलं. टंचाईने गांजलेल्या माणसाला ओल्या दिवसांतला आकडा दाखवून कोरड्या दिवसांसाठी यंत्र विकणं मला अजिबात पटत नाही.

आता टँकरचं. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांना 275 लिटर. यंत्राने कबूल केलेले 20 लिटर रोज दिले, तरी अंघोळ, धुणं-भांडी, गुरं यांना ते पुरणार नाहीत. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी स्टेशनवर होतो. दहा वाघिणी, 5 लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लोक रुळांकडे बघत उभे होते. तेवढं पाणी रोज हवेतून काढायचं तर अशी 25 हजार यंत्रं लागतील, तीही श्रावणातल्या हवेत.

मग 65 हजारांचं काय करावं? बाई, तुमचं छत किती आहे ते मोजा. हजार चौरस फूट म्हणजे 93 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर पडला की एक लिटर होतो. वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी तुमच्या छतावरून 52 हजार लिटर पाणी वाहून जातं. तुम्हाला प्यायला-स्वयंपाकाला रोज 15 लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे, 120 दिवसांचे झाले 1,800 लिटर. म्हणजे 2,000 लिटरची एक काळी, घट्ट झाकणाची टाकी तुमच्या प्यायच्या पाण्याचा प्रश्न सोडवते, आणि ती भरायला 25-30 मिलिमीटर पाऊस पुरतो. दोन चांगल्या सरी.

पहिल्या पावसाचं पाणी छत धुऊन जाऊ द्या. पन्हळीला जाळी लावा, मध्ये वाळू-खडीची गाळणी ठेवा. टाकी सप्टेंबरच्या शेवटी भरा, ऊन लागू देऊ नका आणि प्यायच्या आधी पाणी उकळा. हे सगळं यंत्राच्या निम्म्या पैशांत बसतं. उरलेल्या पैशांत छताचं बाकीचं पाणी बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडा. बोअर त्यामुळे मेपर्यंत चालेल असं वचन देत नाही, खडक कसा आहे त्यावर ते अवलंबून आहे.

प्रश्न: आम्ही हवेतून पाणी काढणारं यंत्र ऑगस्टमध्ये घेतलं. तेव्हा रोज 15 लिटर पाणी यायचं. आता डिसेंबरात 4 लिटर. यंत्र 10 बाय 12 च्या बेडरूममध्ये आहे, रात्री तिथे थोडा वेळ एसीही लावतो. दुकानदार म्हणतो, गॅस कमी झाला असेल. भरून घ्यावा का?
– एक वाचक, डोंबिवली

गॅस भरायची घाई करू नका. आधी यंत्र त्या खोलीतून बाहेर काढा.

10 बाय 12 ची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे 34 घनमीटर हवा. भर पावसाळ्यातही त्या सगळ्या हवेत मिळून 800 ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं, लिटरभरही नाही. दारं-खिडक्या लावल्या की यंत्र तीच हवा पुन्हा पुन्हा पिळत बसतं. आणि एसी तर त्याचा वाटेकरी. तोही हवेतलं पाणी काढतो आणि नळीने बाहेर सोडतो. शिवाय यंत्र पूर्ण जोरात चालतं तेव्हा खोलीत हजार वॅटचा हीटर लावल्यासारखी उष्णता टाकतं. ती बाहेर काढायला पुन्हा एसी. तुम्ही दोन्ही बाजूंनी बिल भरता आहात.

यंत्र बाल्कनीच्या दाराशी ठेवा, मागे वीतभर जागा सोडा, हवेची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. डोंबिवलीच्या रस्त्यांची धूळ कॉइलवर बसली तर पाणीही कमी येतं आणि त्याला वासही लागतो. संध्याकाळी उशिरा लावा आणि सकाळी आठला बंद करा. रात्री हवा आधीच गार असते, कंप्रेसरचं अर्धं काम तीच करून ठेवते. एवढं करून आठ-नऊ लिटर आलं तर यंत्र ठणठणीत आहे असं समजा, डिसेंबरच्या हवेत त्याहून जास्त मागू नका. 22 अंश आणि 55 टक्के आर्द्रता असेल तर ठाण्या-मुंबईच्या हवेतही घनमीटरला साडेदहा ग्रॅमच बाष्प उरतं. उघड्यावर ठेवूनही चारच लिटर आलं, तर मात्र मेकॅनिक बोलवा.

2022 मध्ये मध्य रेल्वेने मुंबईच्या काही स्थानकांवर ‘मेघदूत’ नावाची अशी यंत्रं बसवायचं ठरवलं, तेव्हा मला ती जागा योग्य वाटली होती. समुद्राकाठचं शहर, मोकळा फलाट आणि लागेल तेवढी वाहती हवा. बंद बेडरूममध्ये यातलं काहीच नसतं.

तुम्ही पत्रात आणखी एक विचारलंय: एसीच्या नळीचं पाणी प्यायला चालेल का? नाही. ती कॉइल आणि ट्रे पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेले नसतात, त्यात धूळ, बुरशी आणि धातूचे अंश उतरतात. फरशी पुसायला किंवा कुंड्यांना खुशाल वापरा.

प्रश्न: गुहागरजवळ आमचं चार खोल्यांचं घरगुती निवासस्थान आहे. मे महिन्यात विहिरीला मचूळ पाणी येतं. पाहुण्यांना प्यायला बाटल्या विकत आणतो. आमच्याकडे हवेतून पाणी काढणारं यंत्र चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

तुमच्याकडे चालेल. या सदरात पहिल्यांदाच हो म्हणतो आहे. मे महिन्यात तुमच्याकडे 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रता सहज असते, म्हणजे घनमीटरला 23-24 ग्रॅम बाष्प. विहीर आटते तेव्हाही तुमची हवा भरलेली असते. लातूरचं दुःख हेच की दोन्ही एकदमच आटतात.

तरी आधी विहिरीचं पाणी भूजल सर्वेक्षणाच्या जिल्हा प्रयोगशाळेत मे महिन्यात तपासून घ्या. क्षार लिटरला दोन हजार मिलिग्रॅमच्या आत असतील तर साधा आरओ लावा. तो एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देतो, पण वीज नगण्य लागते आणि टाकलेलं पाणी संडासात वापरता येतं. क्षार त्याहून बरेच जास्त असतील, आरओचा पडदा वरचेवर जात असेल, तर मग यंत्राचा विचार करा. घेताना विक्रेत्याकडून तीन आकडे लेखी मागा: 30 अंशाला 80 टक्के, 30 अंशाला 50 टक्के आणि 35 अंशाला 30 टक्के आर्द्रतेत किती लिटर पाणी मिळेल आणि किती वीज लागेल. शेवटचे दोन आकडे द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडून घेऊ नका. कॉइलच्या पात्यांवर गंजरोधक लेप आहे का तेही विचारा, खारी हवा उघडं अॅल्युमिनियम खाते. यूव्ही दिवा वर्षाला बदला. पावसाळ्यात पाहुणे नसतात आणि यंत्र बंद पडून राहतं, तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा. साठून राहिलेलं पाणी सुरुवातीला कितीही शुद्ध असलं तरी त्यात जंतू वाढतातच.

प्रश्न: हवेतून पाणी शोषणाऱ्या पदार्थांना 2025 चं नोबेल मिळालं ना? मग आता वाळवंटातही पाणी मिळेल?
– इयत्ता नववी, सोलापूर

रसायनशास्त्राचं ते नोबेल किटागावा, रॉब्सन आणि याघी या तिघांना धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी मिळालं. हवेतून पाणी हा त्या जाळ्यांचा एक उपयोग, एकमेव नव्हे. हे पदार्थ कोरड्या हवेतलं बाष्पही रात्री धरून ठेवतात आणि उन्हाने तापले की सोडतात. याघींच्या गटाने अॅरिझोना आणि मोहावीच्या वाळवंटात ते करून दाखवलं. दिवसाला एक किलो पदार्थामागे मिळालेलं पाणी लिटरभराहून कमी होतं. तरी मला यातून फार आशा वाटते, कारण तिथे हवेला दवबिंदूखाली न्यावं लागत नाही, आणि तेच आपल्या कंप्रेसरचं दुखणं आहे. तू मोठा होईपर्यंत हे घराघरांत आलेलं असू शकेल.

तोवर एक प्रयोग कर. स्टीलच्या पेल्यात साधं पाणी घे, त्यात थर्मामीटर ठेव आणि बर्फाचे बारीक तुकडे एक-एक टाकत ढवळत राहा. पेला बाहेरून धुरकट झाला त्या क्षणाचं तापमान म्हणजे त्या वेळचा दवबिंदू. मे महिन्यात दुपारी तीनला आणि पहाटे पाचला, आठवडाभर मोज. दोन रकाने करून आकडे मला पोस्टाने पाठव. सोलापूरच्या हवेत यंत्राला किती पाणी मिळेल, ते आपण दोघं मिळून काढू.